चोपदाराचे चारशे पावटे

आमच्या व्हाल्मेर्लातले मास्तर देवाला फारसे भीत नसत, पण सान्त अगाता चर्चच्या घंटेला भीत. पहिली घंटा वाजताना शिकवणं सुरू झालेलं हवं आणि दुसरी वाजली की वाक्य अर्ध्यावर असलं तरी तोंड मिटायला हवं. उशीर झाला तर दंड. लवकर आटोपलं तर दंड. कायद्याच्या पोथीतलं अवघड कलम "हे उद्या बघू" म्हणून टाळलं तर दंड. समोर पाचापेक्षा कमी पोरं बसली तर मास्तर आलाच नाही असं धरून दंड. आणि दंड बसवणारी कोण, तर तीच पोरं, ज्यांना तो शिकवायचा. सम्राटाला सल्ला देणारे, लाल अस्तराचे झगे मिरवणारे हे पंडित दरवर्षी एका पंचविशीतल्या रेक्टरपुढे गुडघे टेकून शपथ घेत, की महाराज, आम्ही तुमच्या आज्ञेत राहू. रेक्टर म्हणजे पोरांनीच आपल्यातून निवडलेला एक पोरगा.

हे दंड वर्गावर्गात जाऊन पुकारायचं काम बोनाजुन्ताचं. तो विद्यापीठाचा चोपदार. बुटका, पायानं जरा फेंगडा, आणि आवाज असा की बाजारात एकाला हाक मारली तर भलतेच चौघे मागं वळून बघत. हातात चांदीच्या मुठीची काठी. रेक्टर रस्त्यानं निघाला की हा पुढं, सभा भरली की दाराशी हा. थंडीत वर्गात पेंढा अंथरायचा यानंच आणि सुट्टीची दवंडी द्यायची तीही यानंच. मास्तर लाम्बेर्तिनोनं पन्नाशीत लग्न केलं तेव्हा त्याला नियमाप्रमाणे एका दिवसाची रजा मिळाली. दुसऱ्या दिवशी नवरदेव घंटेनंतर, झगा उलटा घालून हजर झाला. मास्तरांवर नजर ठेवायला वर्गात चार पोरं गुपचूप नेमलेली असत, त्यांनी लगेच कळवलं. बोनाजुन्तानं त्याच वर्गात, त्याच्याच तोंडावर पुकारा केला, "मास्तर लाम्बेर्तिनो, उशीर. कारण, लग्न. कारण अमान्य." वर्ग हसून हसून बाकांवरून खाली पडला. लाम्बेर्तिनोनं हे कधी विसरायचं नाही असं ठरवलं, आणि तो विसरला नाही.

विद्यापीठ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं एखादी दगडी इमारत उभी राहत असेल, तर ती आधी पाडा. आमच्याकडं विद्यापीठ म्हणजे पोरांची पंचायत. वर्ग भाड्याच्या खोल्यांत, सभा चर्चच्या ओसरीत. पंचायतीचं स्वतःचं असं चारच गोष्टींत मावायचं: नियमांचं पुस्तक, मोहोर, ती काठी, आणि मतदानाच्या पावट्यांच्या दोन पिशव्या. एका पिशवीत पांढरे पावटे, म्हणजे होकार. दुसरीत काळे, म्हणजे नकार. एवढं उचललं की विद्यापीठ दुसऱ्या गावाला निघालं. गावकऱ्यांनी मागं बसावं रिकाम्या खोल्या मोजत.

व्हाल्मेर्लात ते आलं तेही असंच. एकतीस वर्षांपूर्वी पोरांचं आधीच्या शहराशी भांडण झालं आणि पोरं उठली. बोनाजुन्ता तेव्हा बावीस वर्षांचा, चोपदाराच्या हाताखाली वर्ग झाडायचा. निघायच्या दिवशी खरा चोपदार पोट दुखतंय म्हणून घरात दडून बसला, आणि कुणीतरी काठी याच्या हातात कोंबली. आई भट्टीपाशी पाव भाजत होती. हा तिला म्हणाला, "आठ दिवसांत येतो गं. ही पोरं भांडतात आणि विसरतात." तिनं अर्धकच्चा पावच फडक्यात बांधून दिला.

पोरं विसरली नाहीत. शहरानं दवंडी पिटली की विद्यापीठाचं सामान बाहेर नेणारा जो कोणी आपला माणूस असेल तो जन्माचा हद्दपार, परत दिसला तर फासावर. आई सात वर्षं दारात उभी राहून रस्त्याकडं बघायची, असं येणारे-जाणारे सांगत. ती गेल्याचं एका मीठवाल्यानं सांगितलं, तेही चार महिन्यांनी. त्या शहराचं नाव बोनाजुन्तानं पुन्हा कधी घेतलं नाही. "तिकडं" म्हणायचा.

इथं त्यानं मिन्गार्दाशी लग्न केलं. ती पोरांचे कपडे धुवायची. हातात धोपटायची ताकद, आणि जिभेत त्याहून जास्त. लग्नामुळं तो गावचा नागरिक झाला, आणि नागरिक म्हणून त्याला शपथ घ्यावी लागली की विद्यापीठाला गाव सोडायला मी कधीही मदत करणार नाही; केली तर घर जप्त आणि मी हद्दपार. आमच्या गावानं शेजारच्याला ठेच लागलेली बघून हा शहाणपणा केला होता. चोपदार म्हणून घेतलेली शपथ होती की विद्यापीठ जाईल तिथं काठी घेऊन जाईन. दोन्ही शपथा त्यानं एकाच उजव्या हातानं घेतल्या होत्या. शपथ घेताना माणूस फार पुढचं बघत नाही, नाहीतर त्यानं घेतलीच नसती.

मेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस आला की आमच्याकडं घरोघर पावटे शिजवतात आणि दारी येणाऱ्या गोरगरिबांना वाटतात. मिन्गार्दा दरवर्षी एक मोठं पातेलं सासूच्या नावानं शिजवायची. तिनं सासूला कधी पाहिलं नव्हतं. बोनाजुन्ता त्या दिवशी एक वाडगा खायचा आणि कुणाशी बोलायचा नाही.

तर त्या वर्षी भांडण झालं एका डुकरिणीवरून.

आमच्या गावकऱ्यांचा एकमेकांवर इतका विश्वास, की गाव चालवायला दरवर्षी परगावचा माणूस आणत. त्याला पोदेस्ता म्हणत. त्या वर्षीच्या पोदेस्तापाशी लोकरी काठाची एक उंच टोपी होती आणि ती तो झोपतानाही काढत नसावा अशी सगळ्यांची समजूत. ती खोटी निघाली. हमामखान्यात काढून ठेवलेली टोपी ग्विलेम नावाच्या प्रोव्हान्सच्या पोरानं लांबवली, एका डुकरिणीला घातली, आणि तिची बाजारातून वरात काढली. बाकीची पोरं दोन्ही बाजूंना वाकून मुजरे करत होती. डुकरीण मोठ्या रुबाबात चालली. पोदेस्तापेक्षा तिलाच ती टोपी शोभते, असं भाजीवाल्या बायका उघड म्हणाल्या. पोदेस्तानं ग्विलेमला उचललं आणि जाहीर केलं की याचा उजवा हात तोडणार.

आता विद्यार्थ्याचा न्याय त्याच्या मास्तरानं किंवा बिशपनं करायचा, गावानं त्याला बोट लावायचं नाही, हा सम्राटाच्या वेळचा नियम. रेक्टर होता डिट्मार, उंच, फिकट डोळ्यांचा जर्मन, हसताना कुणी पाहिला नव्हता. त्यानं निरोप धाडला, "पोरगा बिशपच्या हवाली करा." उत्तर आलं, "आधी हात, मग पोरगा." डिट्मारनं सभा बोलावली. प्रश्न एकच: विद्यापीठानं व्हाल्मेर्ला सोडावं का? पांढरा म्हणजे चला, काळा म्हणजे राहा. दिवस ठरला मेलेल्यांच्या स्मरणाच्या दुसऱ्या सकाळचा.

बोनाजुन्ता घरी आला तेव्हा मिन्गार्दा अंगणात कुणाचा तरी सदरा पिळत होती.

"अगं, मत आहे."

"कशावर? परत सुट्ट्या वाढवतात का मेले?"

"जायचं की राहायचं."

तिनं सदरा आणखी दोन वेळा पिळला. त्यात पाणी उरलं नव्हतं. "आणि तुम्ही?"

"काठी जाते तिकडं चोपदार जातो."

"आणि मी?"

दोन वर्षांपूर्वी धुण्याच्या दगडावरून पडल्यापासून मिन्गार्दाचं कंबरेचं हाड दुखरं होतं. चौकातल्या कारंज्यापर्यंत जायचं तर ती वाटेत दोनदा बसायची. डोंगर ओलांडून गाडीत हिसके खात जाणं म्हणजे तिचा जीव जाणं. आणि हा काठी घेऊन वेशीबाहेर पडला की मागं तिचं घरही जाणार.

"मग सांगा त्यांना, बायको लंगडी आहे म्हणून."

"जवळपास चारशे जणांना?"

"तुमच्या आवाजात सांगा. पुढच्या गावालाही ऐकू जाईल."

तो हसला नाही. ती चुलीकडं गेली. चुलीच्या वर, ओल लागू नये म्हणून, पावट्यांच्या दोन्ही पिशव्या टांगलेल्या असत. तिकडं बघत ती म्हणाली, "हे तर तुमच्याच ताब्यात असतात."

"मिन्गार्दा!"

"मी काय म्हटलं?"

"एकतीस वर्षांत एक पावटा इकडचा तिकडं झालेला नाही. माझ्या हातून व्हायचा नाही."

"तुमच्या हातून व्हायचा नाही, हे मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे," ती म्हणाली आणि चूल फुंकायला लागली.

मेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस बोनाजुन्तानं सभेची दवंडी देण्यात घालवला. सगळ्या खोल्या, सगळ्या खानावळी, दोन कुंटणखाने. मतदार कुठंही असू शकतो, असं डिट्मारचं म्हणणं. संध्याकाळी परतला तर पातेलं घासून पालथं घातलेलं.

"यंदा गरीब फार आले," मिन्गार्दा म्हणाली आणि पाव-चीज पुढं ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं आईच्या नावाचे पावटे खाल्ले नाहीत. त्याला ते लागलं. उद्या कदाचित घरच राहणार नव्हतं, तिथं पावट्यांचं काय घेऊन बसायचं, असं त्यानं मनाला सांगितलं.

सकाळी सान्त अगाताच्या ओसरीत तीनशे सत्त्याऐंशी जण जमले. जर्मन एका बाजूला, प्रोव्हान्सचे दुसऱ्या, मधे आसपासच्या मुलखांतले लोंबार्द आणि तस्कन एकमेकांच्या पायांवर पाय देत. रीत अशी, की चोपदारानं प्रत्येकाच्या मुठीत एक पांढरा आणि एक काळा पावटा द्यायचा. आपलं मत एका पेटीत टाकायचं, उरलेला पावटा दुसरीत. कुणी काय टाकलं ते कुणाला कळत नाही. बोनाजुन्तानं काळ्यांची पिशवी उघडली. ठीक. पांढऱ्यांची उघडून परातीत ओतली.

परातीत पडलं ते तपकिरी, भोकाभोकांचं, अर्धं पीठ झालेलं काहीतरी. त्यातून सात-आठ किडे निघाले आणि उन्हाकडं चालायला लागले.

"हे काय?" डिट्मारनं विचारलं.

"पावटे, रेक्टर महाराज."

"पांढरे?"

"होते."

त्या सभेत लोहार किंवा खाटीक असते तर त्यांनी शेजारच्या दुकानातून नवे पावटे आणले असते आणि जेवायच्या आत निकाल लावला असता. पण हे सगळे कायद्याचे विद्यार्थी. दगा झाला असेल तर बाजारातला पावटाही फितवलेला नसेल कशावरून, असं पहिल्याच माणसानं विचारलं आणि तो रस्ता बंद झाला. मग प्रोव्हान्सचा एक जण उठला: किडका असला तरी पावटा हा पावटाच, जसा लंगडा असला तरी माणूस हा माणूसच. त्यावर जर्मन म्हणाले, पुस्तकात 'पांढरा आणि अखंड' असं लिहिलंय. हा पांढराही नाही आणि अखंडही नाही. एक तस्कन म्हणाला, भोक हा पावट्याचा भाग नसून पावट्याचा अभाव आहे, आणि अभावाला मत देता येत नाही. मग कुणीतरी दोन्ही पिशव्यांतला एकेक पावटा उचलून पेटीत टाकून दाखवले. धड काळा टक्‌ वाजला, किडका वाजलाच नाही. म्हणजे मत गुप्त राहत नाही! यावर एकच गदारोळ झाला. मास्तर लोक ओसरीच्या कडेला उभे होते, त्यांना मत नव्हतं, बोलायची परवानगीही नव्हती. पण आपण शिकवलेलं सगळं आपल्यासमोर एका किडक्या पावट्यावर खर्ची पडताना बघून दोघांचे डोळे भरून आले.

वाद रंगात असताना संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली. नियमाप्रमाणे सभा संपली. आणि नियमाप्रमाणेच, अर्धवट राहिलेला प्रश्न पुन्हा आठ दिवसांशिवाय घेता येत नव्हता.

"पावट्यांची चौकशी होईल," डिट्मार बोनाजुन्ताला म्हणाला. "पण प्रश्न टांगलेला असताना सेवक बदलता येत नाही. तोवर तू चोपदार."

घरी येऊन बोनाजुन्तानं काठी भिंतीला टेकवली आणि आपल्या त्या दणदणीत आवाजाला पहिल्यांदाच सुट्टी दिली. हळूच म्हणाला, "काय केलंस तू?"

"माझं पोतं किडलं होतं," मिन्गार्दा म्हणाली. "सासूबाईंच्या नावानं किडके कसे वाटू? तुमच्यातले चांगले घेतले, माझे तुमच्यात भरले. वजन सारखंच."

"अगं, मताचे पावटे ते!"

"मग? मत टाकायला काय दात लागतात? मला काय माहीत तुमचे पंडित पावट्याच्या भोकात शिरून बसतील."

त्यानं कपाळाला हात लावला. रागवावं म्हणत होता, पण आत कुठंतरी आठ दिवस मिळाल्याचं बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याचीच त्याला लाज वाटत होती.

त्या आठ दिवसांत गावाचे डोळे उघडले. आधी खोल्यांचे मालक पोदेस्ताकडं गेले. मग खानावळवाले, मग पोथ्या उतरवणारे, मग कातडं कमावून पानं करणारे. पाचव्या दिवशी पोदेस्ताचे स्वतःचे कपडे धुवायला गेले होते तसेच, डागांसकट, घडी घालून परत आले. धोबिणींनी निरोप दिला होता की पोरं जाणार तर आम्हीही हात आखडता घेतोय; साहेबांनी एक हात तोडायचा ठरवलाय, आम्ही चाळीस हात थांबवलेत. हा निरोप कुणाच्या जिभेवरचा ते गावात विचारायची गरज पडली नाही. सातव्या दिवशी पोदेस्तानं ग्विलेमला बिशपच्या हवाली केलं. बिशपनं निवाडा दिला, त्या डुकरिणीला महिनाभर ग्विलेमनं चारावं. टोपी मात्र धुऊन देण्यात आली.

दुसऱ्या सभेसाठी डिट्मारनं नवे पावटे मागवले. बोनाजुन्तानं एकेक दाणा उन्हात धरून तपासला. पोरांचा राग बराचसा निवला होता, पण सगळा नव्हता. काहींना आता भांडणापेक्षा प्रवासाचीच हौस आली होती. बोनाजुन्तानं पेटी उघडली. तो मोठ्यानं मोजायला लागला. पहिले नऊ पांढरे निघाले. दहावा काळा. पांढरा, पांढरा, काळा. एकदा तर दोन पावटे एकत्र चिकटून आले, वरचा काळा, खालचा पांढरा. वरचा दिसत होता, खालचा त्याच्या तळहातात होता. त्यानं तळहात उघडला आणि दोन्ही पुकारले.

काळे दोनशे एक्केचाळीस. पांढरे एकशे सेहेचाळीस.

"विद्यापीठ राहतंय," बोनाजुन्ता ओरडला, आणि तेच पुन्हा ओरडला. कुणी विचारलं नव्हतं तरी.

दुसऱ्याच दिवशी चौकशी. डिट्मार आणि चार पंच. टेबलावर नियमांचं पुस्तक.

"हात ठेव," डिट्मार म्हणाला. "पांढरे पावटे कुठं गेले?"

बोनाजुन्तानं हात ठेवला. त्या पुस्तकातलं पान न् पान त्याला तोंडपाठ होतं, वाचता येत नसलं तरी. पंचायतीच्या वस्तूला बाहेरच्यानं हात लावला तर त्याच्या घराला पाच वर्षं बहिष्कार: कुणी विद्यार्थी तिथं कपडे देणार नाही, खोली घेणार नाही, पाणी पिणार नाही. आतल्यानं लावला तर शिक्षा ज्याची त्याला, घराला नाही.

"मी खाल्ले," तो म्हणाला.

"काय?"

"पावटे. मी खाल्ले. आणि पिशवीत किडके भरले."

"चारशे पावटे?" एका पंचानं विचारलं.

"भूक होती."

चारही पंच टेबलाखाली काहीतरी पडल्यासारखे वाकले. डिट्मार वाकला नाही. त्यानं बोनाजुन्ताकडं बघितलं, आणि त्याच्या त्या फिकट डोळ्यांना काय दिसलं कोण जाणे. मग त्यानं लिहिणाऱ्याला सांगितलं, "लिहा. चोपदारानं पावटे खाल्ले. काठी काढून घेण्यात येते. शिक्षेची दवंडी नेहमीप्रमाणे सर्व वर्गांत."

नेहमीप्रमाणे म्हणजे चोपदारानं. काठी दवंडीनंतर जमा करायची होती.

मग बोनाजुन्ता निघाला. अकरा वर्ग. प्रत्येक दारात काठी तीनदा आपटली, आणि ज्या आवाजात एकतीस वर्षं दुसऱ्यांची अब्रू काढली त्याच आवाजात, एक अक्षर न गाळता, आपली काढली: "बोनाजुन्ता, विद्यापीठाचा चोपदार. यानं विद्यापीठाचे चारशे पांढरे पावटे खाल्ले. कारण, भूक. कारण अमान्य." पहिल्या वर्गात पोरं लोळली. पाचव्यापर्यंत बातमी पुढं पोचली होती आणि पोरं त्याच्याबरोबरच म्हणायला लागली. त्याचे कान लाल झाले, पण आवाज उतरला नाही.

शेवटचा वर्ग मास्तर लाम्बेर्तिनोचा. लाम्बेर्तिनोनं पोथी मिटली, खुर्चीत मागं रेलला आणि दवंडी अगदी चवीनं ऐकली. इतक्या वर्षांनी देवानं ताट वाढलं होतं.

"श्रीमान बोनाजुन्ता, एक शंका," तो म्हणाला. "कच्चे खाल्लेत की शिजवून?"

वर्गात हशा फुटला. बोनाजुन्ता हसू ओसरेपर्यंत थांबला. "शिजवून, मास्तर. कांदा घालून. आईच्या नावाचे होते."

लाम्बेर्तिनोला पुढचा टोमणा सुचलेला होता, तोंडापर्यंत आलेला. तेवढ्यात दुसरी घंटा झाली. कलम अर्धंच राहिलं होतं, पण आता पुढं वाचलं तर दंड, आणि पुकारणारा समोरच उभा. दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"मला काही घंटा ऐकू आली नाही," बोनाजुन्ता म्हणाला. "वाचा तुम्ही. संपवा कलम."

लाम्बेर्तिनोनं टोपी काढली आणि बोनाजुन्ता बाहेर जाईपर्यंत घातली नाही.

काठी जमा करून बोनाजुन्ता घरी आला. हात रिकामा म्हणून चालताना कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. दारातच कांद्याचा आणि पावट्यांचा वास आला. चुलीवर मोठं पातेलं.

"या," मिन्गार्दा म्हणाली. "चारशे पावटे खाल्लेत म्हणे. घाटावर माझं नाव झालं, ही बाई नवऱ्याला उपाशी ठेवते म्हणून."

"हे कुठले?"

ती पातेलं ढवळत राहिली.

"मिन्गार्दा, हे कुठले पावटे?"

"तुमचेच. पांढरे, अखंड. धुण्याच्या पिंपाखाली होते."

"पण त्या दिवशी तू वाटलेस ना?"

"त्या दिवशी किडक्यातले निवडून वाटले. देवाला आणि सासूबाईंना कळेल."

बोनाजुन्ता खाली बसला. त्याला कळायला जरा वेळ लागला, कारण सरळ माणसाला कळायला लागतोच. तिला मताचा दिवस ठाऊक होता. रीत ठाऊक होती. पोरं कशी भांडतात हे तर तिला त्यांच्या कॉलरींवरूनसुद्धा ठाऊक होतं.

"का केलंस?"

मिन्गार्दानं पळी खाली ठेवली. "चोवीस वर्षं मी तुमच्या आईच्या नावानं शिजवते. दारात उभी राहून वाट बघत गेली ती बाई. मला फार वेळ उभं राहवत नाही, तुम्हाला माहीत आहे." तिचे डोळे भरले आणि तिनं ते पदरानं रागारागानं पुसले. "आणि तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत? पुस्तकावर हात ठेवून खोटं बोललात. तुम्ही!"

"एकदाच बोललो."

"ते पाप कुठं फेडाल?"

बोनाजुन्तानं पातेल्यात डोकावून बघितलं. मग फळीवरचा सगळ्यांत मोठा वाडगा काढून तिच्यापुढं धरला.

"वाढ," तो म्हणाला. "सगळे वाढ. शपथेवर सांगून बसलोय, खोटं ठरायला नको."